दोन सेकंदांचे वृत्त

मोटारीत बसले की खिशातला फोन मोटारीच्या पडद्याला जोडला जातो आणि त्या पडद्यावर नकाशा, गाणी, निरोप, फोन करावयाच्या माणसांची नावे असा एक आटोपशीर संसार मांडला जातो. या मांडणीकडे आजवर आपण केवळ सोय म्हणून पाहिले. तिच्याविषयी बोलणे झाले ते किमतीचे, वेगाचे, आणि फार तर ‘आमच्याकडे जोडले जाते, तुमच्याकडे जाते का?’ या प्रकारचे. मला या ठिकाणी तिच्याकडे रचना म्हणून पाहावयाचे आहे. साहित्याला वाहिलेल्या अंकात मोटारीच्या डॅशबोर्डाला जागा कशाला, असे काही वाचकांना वाटण्याचा संभव आहे. परंतु जिच्यात शब्द आहेत, आवाज आहे, क्रम आहे, काही ठेवले आणि बरेचसे गाळले आहे, आणि वाचणाऱ्याचा डोळा ती किती वेळ धरून ठेवते यावर जिचे बरेवाईट ठरते, अशी रचना समीक्षेच्या कक्षेबाहेर कोणत्या न्यायाने ठेवावयाची? शिवाय येथे बिघडलेल्या रचनेचा परिणाम वाचकाला कंटाळा येण्यापुरता राहत नाही. वाईट कादंबरी वाचून कोणी दगावल्याचे ऐकिवात नाही.

या पडद्याला व्यापारात ‘इन्फोटेनमेंट’ म्हणतात. माहिती आणि करमणूक या दोहोंची ही संधी मला कधीच रुचलेली नाही. पुढचे वळण कोणते हे सांगणे आणि पुढचे गाणे कोणते हे सांगणे या दोन क्रिया एकाच जातीच्या आहेत असा या शब्दाचा आग्रह दिसतो, आणि पडद्याचे पुष्कळसे दोष या आग्रहातूनच निर्माण झाले आहेत. मी आपला ‘पडदा’ एवढाच शब्द वापरीन.

प्रथम ही जोडणी म्हणजे नेमके काय घडते ते पाहू; कारण त्यात मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट दडलेली आहे. फोन मोटारीला दोन तऱ्हांनी जोडता येतो. जुनी तऱ्हा साध्या ब्लूटूथची. तीत गाण्याचा आवाज मोटारीकडे जातो आणि गाण्याचे नाव सांकेतिक अक्षरांच्या रूपाने पाठोपाठ जाते. ती अक्षरे पडद्यावर काढण्याचे काम मोटारीकडे असते. मोटारीच्या यंत्राजवळ देवनागरीचा टंक असला तर नाव उमटते. नसला तर त्या जागी रिकाम्या चौकटींची एक रांग उभी राहते. अशा एका मोटारीत मी काही वर्षे प्रवास केला. भीमसेन जोशी गात असत आणि पडद्यावर चौकटी. कुमार गंधर्व गात असत आणि पडद्यावर त्याच चौकटी. गाणारे सगळे त्या मोटारीच्या लेखी एकच होते.

दुसरी तऱ्हा नवी. ॲपलने २०१३ साली तिची घोषणा केली व २०१४ च्या मार्चमध्ये ‘कारप्ले’ या नावाने ती जिनिव्हाच्या मोटार-प्रदर्शनात मांडली. गूगलने २०१४ साली ‘अँड्रॉइड ऑटो’ जाहीर करून २०१५ मध्ये बाजारात आणली. या तऱ्हेत मोटार जवळजवळ काहीच करीत नाही. चित्र सगळे फोन काढतो, आणि ते तारेवरून किंवा वायफायवरून चलच्चित्रासारखे मोटारीच्या पडद्याकडे धाडतो. मोटार ते दाखविते, आणि बोट कोठे टेकले एवढी वर्दी फोनला परत देते. म्हणजे मोटारीच्या पडद्यावर आपण जे पाहतो ते मोटारीचे नसतेच; पडदा मोटारीचा, हस्ताक्षर फोनचे.

आणि म्हणून मराठी वाचली. पूर्वी ती अक्षरांच्या रूपाने जात होती आणि पलीकडे टंक नसल्यामुळे मरत होती. आता ती चित्राच्या रूपाने जाते, आणि चित्राला टंक लागत नाही. आपल्या मुद्रणाच्या इतिहासात असा प्रकार एकदा घडून गेलेला आहे. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. मजकूर हाताने लिहावयाचा आणि त्याचा ठसा दगडावरून उठवावयाचा. मग जोडाक्षर कितीही अवघड असो, लेखणीला आले म्हणजे कागदाला आले. खिळ्यांच्या छपाईत मात्र प्रत्येक वळणाचा खिळा आधी कोणीतरी पाडलेला असावा लागतो. मोटारीतल्या मराठीचा हा शिळाछापाचा काळ आहे असे मी समजतो. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. कारण डोळ्यापुरता जो प्रश्न असा सुटला, तो कानाच्या बाबतीत सुटलेला नाही.

जोडणीच्या आरंभी एक छोटासा विधी असतो. मोटारीच्या पडद्यावर सहा आकडे उमटतात, फोनवरही सहा उमटतात, आणि ‘हे जुळतात का?’ असा प्रश्न येतो. आपण न पाहता ‘होय’ म्हणून मोकळे होतो. वास्तविक हा या नाटकातला अतिशय सुरेख प्रवेश आहे. दोन्ही यंत्रांनी आपापसात किल्ल्यांची देवघेव केलेली असते आणि त्यावरून स्वतंत्रपणे हिशेब करून तो आकडा काढलेला असतो. मध्ये कोणी तिसरा शिरला असेल तर आकडे जुळण्याचा संभव दहा लाखांत एक. यंत्रांना हे आपल्या आपण पडताळता येत नाही. त्यांना बाहेरचा साक्षीदार लागतो, आणि तो साक्षीदार म्हणजे आपण. अंतरपाटाच्या दोन्ही बाजू पाहू शकणारा एकटाच माणूस! पूर्वी या जागी ०००० किंवा १२३४ असा सर्वांना ठाऊक असलेला आकडा घालण्याची पद्धत होती. ती नुसती अक्षत होती. २००७ सालापासून ब्लूटूथच्या नियमांत हा खरा पडताळा आला. परंतु त्याचे लेखन पाहा: आकडे बारीक, प्रश्न कोरडा, आणि का विचारतो आहोत याचा एक शब्द नाही. साक्षीदाराला तो साक्षीदार आहे हे सांगितलेच नाही, तर तो अंगठा उठविणारच.

त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: संपर्काची नावे मोटारीला द्यावीत काय? याही प्रश्नाला सवयीने ‘होय’ असे उत्तर मिळते आणि आपली नावांची वही मोटारीत उतरते. गेल्या वर्षी कोकणात जाताना भाड्याने घेतलेल्या एका मोटारीत मी पूर्वी जोडलेल्या फोनांची यादी उघडून पाहिली. ‘आईचा फोन’, ‘दादा नवीन’, ‘ऑफिस २’, आणि कोणाचे तरी नुसतेच ‘माझा’. चार ओळींत चार घरे उभी राहिली. एखाद्या नवकथाकाराच्या वहीत अशा ओळी सापडल्या असत्या तर आपण त्यांचे कौतुक केले असते. येथे मात्र त्या कोणी लिहिलेल्या नव्हत्या. त्या राहून गेल्या होत्या. आपल्यामागे आपली वही कोणाच्या हाती राहते हे पडदा उतरताना सांगत नाही. ही उणीव मी रचनेचीच मानतो: नांदी आहे, भरतवाक्य नाही. मोटार परत करण्यापूर्वी आपण होऊन त्या यादीत जावे, आपले नाव पुसावे, एवढाच उपाय.

आता वृत्ताकडे येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली मोटारीतल्या पडद्यांसाठी काही मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. ते बंधनकारक नाहीत. त्यांचा गाभा असा की, चालकाची नजर रस्त्यावरून पडद्याकडे वळली तर ती एका वेळी सुमारे २ सेकंदांहून अधिक तेथे राहू नये, आणि कोणतेही एक काम अशा सर्व नजरा मिळून १२ सेकंदांत उरकावे. मला हे नियम वाचताना सुरक्षेच्या शास्त्राआधी छंदःशास्त्र आठवले. दोन सेकंदांचा चरण, असे सहा चरण, की श्लोक पुरा. मंदाक्रांतेत चौथ्या अक्षरावर, मग पुढच्या सहाव्यावर श्वास घ्यावाच लागतो. कवीला तेथे शब्द तोडून चालत नाही. येथे श्वासाच्या जागी रस्त्याकडे परत फिरणारी नजर आहे, आणि ती यती काटेकोर आहे. ताशी १०० किलोमीटरने जाणारी मोटार २ सेकंदांत सुमारे ५५ मीटर पुढे गेलेली असते. एवढ्या अंतरात ट्रक थांबू शकतो, मूल रस्त्यावर येऊ शकते.

वृत्त म्हणजे बेडी, असे म्हणणाऱ्यांचा एक पक्ष आपल्याकडे मुक्तछंदाच्या वादापासून आहे. त्यांना मी एवढेच सांगेन की कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो यांमध्ये जे चांगले आहे ते बहुतेक सगळे या बेडीमुळे चांगले आहे. फोनवर जे ॲप हवे तसे पसरते, रंग उधळते, झळकते, त्याला मोटारीच्या पडद्यावर तसे करता येत नाही. त्याला थोडे ठरावीक साचे दिलेले असतात: एक यादी, एक जाळी, एक नकाशा, एक निरोप. अँड्रॉइडमध्ये तर एका कामासाठी एकामागून एक उघडावयाच्या पानांची संख्याही पाचावर बांधली आहे. ॲपकर्त्याने मजकूर द्यावयाचा. तो कसा दिसेल ते साचा ठरवील. चित्रपट चालत्या मोटारीत दाखवावयाचा नाही. या सक्तीतून जे उरते ते पाहण्यासारखे आहे: मोठी अक्षरे, थोडे शब्द, एका ओळीत एक गोष्ट. फोनवरच्या बजबजपुरीला सरावलेल्या डोळ्याला हे पान एकदम धुऊन पुसून ठेवल्यासारखे वाटते. संक्षेप हा गुण आपोआप येत नसतो. तो कोणीतरी लादावा लागतो, मग तो अलंकारशास्त्र लादो की वाहतूकशास्त्र.

पण वृत्त पाळल्याची ग्वाही देणे निराळे आणि पाळणे निराळे. यतिभंग पुष्कळ आहेत. गाण्यांच्या यादीचेच पाहा. गाणे निवडणे ही स्वभावतः रेंगाळण्याची क्रिया आहे. आपण यादी चाळतो ती सापडेपर्यंत, आणि आपल्याला काय हवे आहे हे चाळता चाळताच ठरते. अशा क्रियेला दोन सेकंदांच्या चरणांत बसविणे म्हणजे लावणीला अनुष्टुभात कोंबण्यासारखे आहे. यादी सहा ओळींची केली तरी तिच्यामागे पुढच्या सहा ओळी असतात. अल्बमचे मुखपृष्ठ दाखविण्याचा हव्यासही असाच. चालकाने ते पाहू नये अशी अपेक्षा असेल तर दाखवावयाचे कशाला?

येथे दोन अभ्यासांचा उल्लेख करणे भाग आहे. कारण ते वरवर पाहता एकमेकांच्या विरुद्ध जातात आणि दोन्ही पक्ष आपापला अभ्यास पुढे करतात. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनच्या सुरक्षा-प्रतिष्ठानासाठी यूटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली मोटारींच्या स्वतःच्या पडद्यांची परीक्षा केली. तेव्हा मार्ग भरण्याच्या कामाला सरासरी ४० सेकंद लागत असल्याचे आढळले. श्लोक १२ चा, आणि हे ४०! २०१८ साली त्याच मंडळींनी फोनच्या पडद्याची मोटारीच्या पडद्याशी तुलना केली, आणि फोनचा पडदा चालकावर कमी भार टाकतो असा निष्कर्ष काढला. हे वाचून फोनवाले खूश झाले. पुढे २०२० साली इंग्लंडात टीआरएल या संस्थेने आयएएम रोडस्मार्टसाठी चाचण्या घेतल्या. त्यांत कारप्ले बोटाने वापरणाऱ्यांची प्रतिक्रिया ५७ टक्क्यांनी आणि अँड्रॉइड ऑटो वापरणाऱ्यांची ५३ टक्क्यांनी मंदावलेली दिसली. त्या संस्थेच्या आधीच्या चाचण्यांत मद्याच्या कायदेशीर मर्यादेवर हा आकडा १२ होता, आणि हातात फोन धरून बोलताना ४६.

यांपैकी कोणाचे खोटे आहे असे नाही. पहिल्यांनी वाईटाशी तुलना केली, दुसऱ्यांनी निर्मळ लक्षाशी. एक अनुवाद दुसऱ्या अनुवादापेक्षा सरस ठरला म्हणजे तो मूळाच्या जवळ पोचला असे होत नाही. परंतु टीआरएलचा आकडा पडद्याची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्याला अडचणीचा आहे हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फोन हातात धरू नये म्हणून मोटारीला जोडावयाचा, आणि जोडलेल्या फोनाला बोट लावले की तो हातातल्यापेक्षाही जड व्हावा! आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरावयाच्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात गणला गेला. २०२० मध्ये नियमांत केवळ मार्ग पाहण्यापुरती, आणि तीही लक्ष ढळणार नाही अशा रीतीने, मुभा देण्यात आली. कायद्याचा रोख हातावर आहे. धोका डोळ्यात आहे. स्वीडनमधील ‘वी बिलेगारे’ या मासिकाने २०२२ साली काढलेले आकडेही येथे आठवतात. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना चार साधी कामे करावयाची होती. २००५ सालच्या, बटणे असलेल्या जुन्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली. पडदा असलेल्या नव्या मोटारींपैकी सर्वांत मागे राहिलेलीत ४४.९ सेकंद लागले, म्हणजे तेवढ्यात मोटार १,३७२ मीटर गेली. बटण बोटाला पाठ होते. पडदा पाठ होत नाही. तो दर वेळी नव्याने वाचावा लागतो.

मात्र टीआरएलच्या त्याच कोष्टकात आणखी दोन आकडे आहेत, आणि माझ्या मते ते सर्वांत बोलके आहेत. तीच कामे बोटाऐवजी आवाजाने केली तेव्हा अँड्रॉइड ऑटोचा आकडा ५३ वरून ३० वर आणि कारप्लेचा ५७ वरून ३६ वर आला. ३० हा काही निर्दोष आकडा नव्हे. पण उतार कोणत्या दिशेला आहे ते त्यावरून स्पष्ट होते. ही रचना डोळ्याने वाचावयाची नसून कानाने ऐकावयाची आहे. पडदा तिचा आधार फार तर होऊ शकेल.

या पडद्याचा कर्ता कोण, असाही एक वाद गाजतो आहे. जनरल मोटर्सने २०२३ साली आपल्या पुढील विजेवरच्या मोटारींतून कारप्ले व अँड्रॉइड ऑटो काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. उलट २०२५ च्या मे महिन्यात ॲपलने ‘कारप्ले अल्ट्रा’ ॲस्टन मार्टिनच्या मोटारींत आणून वेगमापकाचा चेहरासुद्धा फोनच्या हाती दिला. प्रकाशक आणि लेखक यांच्यातला हा जुनाच तंटा आहे, आणि वाचकाने त्यात फार जीव गुंतवू नये असे मला वाटते.

आवाजाकडे वळतो. मार्ग सांगणारा हा आवाज म्हणजे एक निवेदक आहे, आणि निवेदक म्हणून त्याचे काही गुण उघड आहेत. तो रागावत नाही. आपण वळण चुकलो तर तो मागची आठवण काढीत नाही. थोडा गप्प राहतो आणि नवा रस्ता सांगू लागतो. शेजारी बसलेल्या कोणत्याही नातेवाइकाला हे साधलेले नाही. ख्याल रंगात आलेला असतो, समेला दोन मात्रा उरलेल्या असतात, आणि नेमका त्याच क्षणी गायकाचा आवाज खाली दाबून हा बोलू लागतो. पुष्कळांना याचा संताप येतो. माझे मत येथे निवेदकाच्या बाजूने आहे: सम पुन्हा येईल, वळण येणार नाही. परंतु त्याच हक्काने जेव्हा कोणाचा तरी ‘ओके’ असा निरोप तान तोडून वाचला जातो, तेव्हा माहिती आणि करमणूक यांच्या त्या संधीची मला पुन्हा आठवण होते.

आता त्याची मराठी. इंग्रजीत ‘टर्न राइट’ म्हटले की कामाचे दोन्ही शब्द आरंभीच हाती पडतात आणि रस्त्याचे नाव मागून येते. ते ऐकले न ऐकले तरी हात चाकावर फिरलेला असतो. हेच वाक्य जसेच्या तसे मराठीत उतरविले की नाव पुढे येते, दिशा मागे जाते, आणि क्रियापद शेवटी. ‘डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मार्गावर उजवीकडे वळा.’ मोजून पाहा: रस्त्याच्या नावातच पंधरा अक्षरे जातात, आणि ज्या एका शब्दासाठी चालक कान देऊन बसला आहे तो ‘उजवीकडे’ त्यानंतर येतो. दादरच्या खोदादाद सर्कलपाशी एवढा वेळ कोणाला आहे? व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात काडीचा दोष नाही. दोष आहे तो क्रमाचा. पडद्यावर नसलेला यतिभंग येथे कानात होतो, आणि कानाला अर्थ वेळेवर लागला नाही की डोळा आपण होऊन पडद्याकडे जातो. म्हणजे वाक्यरचनेची चूक थेट त्या ५५ मीटरांत जाऊन पडते.

मराठी बोलणाऱ्या माणसाला ही अडचण कधी आली नव्हती. चालकाशेजारी बसलेला जाणता माणूस ‘वळा’ असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘पुढे डावीकडे घ्या.’ सात अक्षरे. अभंगाच्या चरणाएवढा आटोप. नाव सांगावयाचेच असेल तर ते मागून येते: ‘डावीकडे घ्या, टीटीवरून.’ बोलीतले हे मागून येणे व्याकरणाच्या पुस्तकाला ढिसाळ वाटेल, पण त्यात ऐकणाऱ्याची सोय पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने साधलेली आहे. तो मीटरही मोजीत नाही. ‘देवळाच्या पुढे’, ‘टाकीच्या अलीकडे’, ‘चढ संपला की’ असे सांगतो. कारण देऊळ समोरच्या काचेतून दिसते, आणि दोनशे मीटर दिसत नाहीत. खूण रस्त्यावर असली म्हणजे नजर रस्त्यावर राहते. ही बोली कोणा तज्ज्ञाने घडविलेली नाही. पण १२ सेकंदांचा नियम लिहिणाऱ्यांना जे साधावयाचे होते ते तिला साधले आहे.

उच्चाराची गोष्ट तर याहून साधी आणि याहून गंभीर. गूगलने २०२१ साली आपल्या नकाशातल्या स्थळांची रोमन नावे मराठीसह दहा भारतीय भाषांच्या लिप्यांत आपोआप उतरविण्यास आरंभ केला, हे मोठेच काम झाले. पण रोमन लिपीतच मुळी ‘ळ’ नाही, आणि ‘ड’ व ‘द’ यांना तेथे एकच अक्षर पुरते. रोमनमधून परत येणाऱ्या नावाला आपले घर आठवेलच असे नाही. रोमन अक्षरांत लिहिलेले वडाळा हे वदालाही वाचता येते, धुळे हे धुले होऊ शकते, तळेगावचे तालेगाव होण्यास कोणतीच आडकाठी नाही. आमच्या घरच्या मोटारीतला आवाज कळव्याला कलवा म्हणतो. पुण्यातल्या माणसाला तळेगाव माहीत असते, तो हसतो आणि पुढे जातो. परंतु नकाशाचा आवाज लावतो कोण? ज्याला गाव माहीत नाही तो. त्याला हे नाव पाटीवर लिहिलेल्या नावाशी ताडून पाहावयाचे असते. पाटीवर ‘ळ’ आहे, कानात ‘ल’ आहे. क्षणभर जुळत नाही, आणि तो पडद्यावर नाव शोधू लागतो. प्रमाण मराठीचा आग्रह धरणाऱ्यांपैकी मी नाही. ‘ळ’चा जो आग्रह मी येथे धरतो आहे तो शुद्धलेखनाच्या प्रेमाने नाही.

आरंभी ज्या शिळाछापाचा उल्लेख केला तो येथे अपुरा पडतो. चित्र टंकाविना जाऊ शकते. आवाजाला मात्र तोंड लागते, आणि ते तोंड मराठी ऐकून घडलेले असावे लागते. सांगली, नागपूर, रत्नागिरी येथील माणसे चालकाला रस्ता कसा सांगतात हे कोणी ध्वनिमुद्रित करून ठेवील, त्यांची वाक्ये लिहून काढील, नाव आधी की दिशा आधी, खूण कोणती घेतली, किती अक्षरांत आटोपले, हे मोजून पाहील, तर ते काम विद्यापीठाच्या कोणत्याही भाषाविभागाला शोभेल. त्यासाठी मोटार लागेल, आणि मागच्या आसनावर वही घेऊन बसणारा एक विद्यार्थी.